परत आलेल्या पाकिटांचं काय करायचं?

मागे एका उत्तरात मी ओघात लिहून गेले होते की, टपालाने माल विकणाऱ्या एका कंपनीच्या यादीखात्यात माझी ३४ वर्षं गेली. मूळ प्रश्न कर्जाच्या हप्त्यांचा होता. तो राहिला बाजूला आणि त्या एका वाक्यावरच पत्रं यायला लागली. कुणाला आपली ग्राहकांची यादी नीट करायची आहे, तर कुणाला दुसऱ्याच्या यादीतून सुटायचं आहे. म्हणून ह्या खेपेला सदराची सगळी जागा यादीला.

प्रश्न : ताई, मी हाताने बांधलेल्या वह्या टपालाने विकते. आठ वर्षांत ३,८०० पत्ते जमलेत, सगळे एका एक्सेल फाइलमध्ये. नवं माहितीपत्रक सगळ्यांना पाठवलं आणि ४१२ पाकिटं परत आली. खोक्यात भरून टेबलाखाली सरकवून ठेवली आहेत, बघायचीसुद्धा इच्छा होत नाही. ते ४१२ जण यादीतून काढून टाकले की झालं ना? सोबत काही पाकिटांचे फोटो पाठवते आहे.

उत्तर : नाही, तेवढ्याने होणार नाही. खोकं आधी टेबलाखालून बाहेर काढा. छपाईचे आणि टपालाचे पैसे तर गेलेच आहेत, आता त्या बदल्यात पाकिटांकडून माहिती तरी वसूल करा.

शेकडा अकराच्या आसपास पाकिटं परत येणं हे प्रमाण खूपच झालं, पण ४१२ पाकिटांचं दुखणं एकच नसतं. परत येणाऱ्या पाकिटावर बहुतेक वेळा कारण लिहिलेलं असतं. देशादेशांमधल्या टपालासाठी जागतिक टपाल संघटनेचं ठरावीक लेबलच आहे, सीएन १५ नावाचं. त्यावर चौकोन छापलेले असतात : अशी व्यक्ती नाही, पत्ता अपुरा, राहायला दुसरीकडे गेले, घ्यायला नकार, सोडवून नेलं नाही. तुम्हीही जमिनीवर बसून असे पाच ढीग करा. कॉम्प्युटर तोवर बंदच राहू द्या.

नकाराचा ढीग सगळ्यात लहान असेल, पण तो आधी उचला. त्या लोकांनी तुम्हाला उत्तर दिलंय. त्यांना पुन्हा काही पाठवायचं नाही, आणि तरीही त्यांची नावं पुसायची नाहीत. ते का, ते पुढच्या एका पत्राच्या उत्तरात सविस्तर येईल. ‘सोडवून नेलं नाही’वाल्यांना आणखी एक संधी द्या, माणसं महिनामहिना बाहेर असतात.

राहायला दुसरीकडे गेलेल्यांची नावं खोडायचा मोह आवरा. त्यांनी तुमच्याकडून एकदा वही घेतली होती. ते घर बदलून गेले, तुमच्यावर रुसून गेले नाहीत. फोन नंबर किंवा ई-मेल असेल तर विचारा. नसेल तर जुना पत्ता तसाच ठेवून शेजारी ‘गेले’ आणि तारीख लिहा. हा जुना पत्ता पुढे किल्लीसारखा उपयोगी पडतो. अमेरिकेच्या टपालखात्याकडे लोकांनी कळवलेल्या पत्ताबदलांची मोठी नोंदवही आहे, त्यात मागच्या ४८ महिन्यांचे बदल मिळतात. पण ती ‘अमका कुठे राहतो’ असं सांगत नाही. तुम्ही नाव आणि जुना पत्ता बरोबर दिलात तरच नवा पत्ता हाती लागतो. शिवाय तिथे सवलतीच्या दरात घाऊक टपाल टाकायचं असेल, तर यादी आधीच्या ९५ दिवसांत पत्ताबदलासाठी तपासलेली असावी लागते. यादी ताजी कशाला म्हणायचं, ह्याला त्यांनी असा आकडाच लावून ठेवलाय. तुम्ही आठ वर्षांची यादी एका दमात वापरलीत.

आता उरलेले दोन ढीग, ‘पत्ता अपुरा’ आणि ‘अशी व्यक्ती नाही’. इथे बहुतेक वेळा चूक गिऱ्हाइकाची नसते, आपलीच असते. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत दोन पाकिटांवर घर क्रमांकाच्या जागी ‘३-डिसेंबर’ छापून आलंय, तुमच्या लक्षात आलं का? मूळचा क्रमांक ३/१२ असणार. एक्सेलला ती तारीख वाटली आणि त्याने स्वतःच्या शहाणपणाने ती बदलून टाकली. शून्याने सुरू होणाऱ्या पोस्टल कोडांचंही तेच होतं. बॉस्टनचे कोड ०२ने सुरू होतात. एक्सेलमध्ये साधे टाकले की पुढचं शून्य गळतं आणि पाच आकड्यांचे चार उरतात. त्यामुळे घर क्रमांक, कोड आणि फोन ह्या तिन्ही रकान्यांना माहिती भरायच्या आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यायचं. एकदा बिघडलेला आकडा नंतर टेक्स्ट करून परत येत नाही. ३/१२ होतं की १२/३, ते मूळ ऑर्डरच्या चिठ्ठीवरच बघावं लागतं. चिठ्ठ्या ठेवल्या असतील अशी आशा करते.

ह्याहून मोठा घोळ आमच्याकडे झाला होता. एका नव्या मुलाने यादी नावांप्रमाणे लावायला घेतली आणि फक्त नावांचा रकाना निवडून क्रमाने लावला. पत्ते होते तिथेच राहिले. बघायला यादी झकास! प्रत्येक नावापुढे पत्ता होता, प्रत्येक पत्ता खरा होता, फक्त एकही त्या माणसाचा नव्हता. सहाशे पाकिटं बाहेर पडली. आम्हाला कळलं ते एका पोस्टमनमुळे. त्याने पाकिटावर पेन्सिलीने लिहून पाठवलं होतं, ‘ह्या घरात ह्या नावाचं मांजरसुद्धा नाही.’ ते पाकीट मी बरीच वर्षं ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं होतं. फाइलला हात लावायच्या आधी तिची प्रत काढून नावात तारीख घालायची सवय तेव्हापासूनची. आणि प्रत्येक ओळीला एक ग्राहक क्रमांक द्या, जो कधीच बदलणार नाही आणि दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. रकाने हलले तरी त्यावरून ओळ पुन्हा जुळवता येते.

शेवटी, फाइलमध्ये चार रकाने वाढवा : नाव कुठून आलं, कधी आलं, पत्ता बरोबर असल्याची शेवटची खूण कधी मिळाली, आणि बदल कुणी केला. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. ऑर्डर पोचली, माणसाने पत्र लिहिलं, फोनवर पत्ता वाचून दाखवला, अशी कुठलीही खूण चालेल. तिची तारीख टाका. आज तुमच्या यादीत काल वही घेतलेली बाई आणि आठ वर्षांपूर्वी प्रदर्शनात चिठ्ठी भरून गेलेला माणूस एकाच तोऱ्यात शेजारी बसलेत, आणि कुणावर विश्वास टाकायचा हे तुम्हाला दिसत नाही. ते दिसायला लागलं की पुढचं माहितीपत्रक सरसकट ३,८०० जणांना जाणार नाही. दोन वर्षांत जिवंतपणाची खूण नसलेल्यांना आधी एक साधं कार्ड पाठवाल. जाड पाकीट त्यानंतर.

प्रश्न : आमच्या संस्थेचं वार्षिक टपाल एकाच घरी तीन-तीन जातं. देणगीदार चिडतात, म्हणतात, आमचे पैसे तुम्ही पाकिटांवर उधळता. डुप्लिकेट शोधून देणारं सॉफ्टवेअर घेतलं तर त्याने भलतीच माणसं एकत्र केली. काय करावं?

उत्तर : देणगीदारांचं चिडणं रास्त आहे. आता सॉफ्टवेअरबद्दल. त्याच्याबद्दल मला राग नाही, पण ते कसं विचार करतं हे माहीत असलेलं बरं.

सारखी वाटणारी नावं गोळा करायची एक फार जुनी युक्ती आहे, साउंडेक्स. रॉबर्ट रसेल नावाच्या अमेरिकन माणसाला तिचं पेटंट १९१८ साली मिळालं, म्हणजे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी, कार्डांच्या काळात. नावाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या जवळिकीप्रमाणे आकडे द्यायचे. इंग्रजी वळणाच्या नावांना ती बरी लागू पडते. आपली नावं रोमन लिपीत टाइप केलेली असतील तर मात्र गंमत बघा. ‘मोरे’ आणि ‘मेहरा’ दोघांचाही कोड एकच येतो, एम ६००. त्याच वेळी ‘विद्या’ हे नाव एकदा ‘व्ही’ने आणि एकदा ‘डब्ल्यू’ने लिहिलं गेलं असेल तर पहिलं अक्षरच बदलल्यामुळे एकाच विद्याच्या दोन बाया होतात, आणि त्या दोघी कधी एकमेकींना भेटत नाहीत.

दुसरी युक्ती अक्षरांतला फरक मोजायची. ती लेव्हेनश्टाइन ह्या रशियन गणितज्ञाची, १९६५ सालची. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, ते मोजायचं. रोमन लिपीत ‘सुनील’ हे नाव कुणी एका ‘आय’ने लिहितं, कुणी दोन ‘ई’ लावून. फरक दोन. आणि ‘सुनील’ची ‘सुनीता’ करायला? तोही फरक दोनच. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने नावाचं वेगळं स्पेलिंग आणि सख्खी बहीण सारख्याच अंतरावर. घर क्रमांक १२ आणि १३ ह्यांच्यात तर एकाच आकड्याचा फरक, आणि तिथे दोन वेगळे संसार चाललेले असतात.

म्हणून सॉफ्टवेअरला फक्त संशयितांच्या जोड्या काढू द्या, निकाल माणसाने द्यायचा. नाव, पत्ता, फोन आणि ई-मेल ह्यांपैकी निदान दोन गोष्टी नीट जुळल्याशिवाय ओळी एकत्र करायच्या नाहीत. फक्त नाव आणि पत्ता जुळत असतील, आणि तेही आद्याक्षरांवर, तर थांबा. मी थांबले नव्हते. एका घरी वडील आणि मुलगा, दोघांची आद्याक्षरं तीच. मी दोन ओळींची एक केली आणि मुलाने वर्षभराचे पैसे भरलेली वर्गणी त्यात बुडाली. त्याचं तक्रारीचं पत्र फार सभ्य होतं, त्यामुळे आणखीच लाज वाटली.

एकत्र करायचंच ठरलं तर कुठल्या ओळीचं काय ठेवायचं? आमचे साहेब म्हणायचे, नवी ओळ ठेवा, जुनी उडवा. मला ते कधीच पटलं नाही. पत्ता ताज्या ओळीतला घ्यायचा, पण ‘पहिल्यांदा कधी आले’ ही तारीख जुन्यातली. देणग्यांची बेरीज दोन्हींची. आणि कुठल्याही एका ओळीत ‘फोन करू नका’ किंवा ‘पाठवू नका’ असेल तर तेच खरं धरायचं, दुसरी ओळ काहीही म्हणो. सोडून दिलेल्या ओळीचा क्रमांकही उरलेल्या ओळीत लिहून ठेवा, म्हणजे चुकलं तर उलट फिरता येईल.

आणि एका घरी तीन पाकिटं जातात ती सगळी डुप्लिकेटच असतात असं नाही. नवरा, बायको आणि सासूबाई तिघंही स्वतंत्र देणगीदार असू शकतात. ओळी तीनच ठेवा, फक्त तिघांना मिळून एकच ‘कुटुंब क्रमांक’ द्या आणि माहितीपत्रक घराला एकच पाठवा. पावत्या तिघांच्या तीन. सासूबाईंची पावती सुनेच्या नावाने गेली तर त्याचे परिणाम मी तुम्हाला सांगायला नकोत.

प्रश्न : माझे वडील जाऊन दीड वर्ष झालं. एका कंपनीकडून त्यांच्या नावाने अजून वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, सोबत सवलतीचं कूपन. आई ते पाकीट उघडते आणि दिवसभर बोलत नाही. मी दोनदा कळवलं. ‘नाव काढून टाकलं आहे’ असं उत्तरही आलं. तीन महिन्यांनी पुन्हा पाकीट हजर. हे मुद्दाम करतात का?

उत्तर : मुद्दाम करत नाहीत. तसं असतं तर निदान जाब तरी विचारता आला असता. तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ तशीच बसले, कारण अशी पाकिटं पाठवणाऱ्यांत मीही होते.

कंपनीने तुम्हाला लिहिलं ते बहुधा खरंच आहे : त्यांनी नाव काढून टाकलं. घोळ नेमका तिथेच आहे. का, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

मी कामाला लागले तेव्हा आमच्याकडे अ‍ॅड्रेसोग्राफ होतं. हे यंत्र जोसेफ डंकन नावाच्या अमेरिकन माणसाचं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं. प्रत्येक ग्राहकाची एक छोटी पत्र्याची पट्टी, तिच्यावर नाव-पत्ता उलट्या उठावाच्या अक्षरांत. पट्ट्या यंत्रात सरकत जायच्या, खाली पाकीट, वर शाईची फीत, आणि खाडकन छाप. पट्टीच्या वरच्या कडेला खाचा असायच्या आणि त्यांत रंगीत टिकल्या बसवता यायच्या. आमच्याकडे लाल टिकली म्हणजे ‘पाठवू नका’. ती आली की पट्टी न छापता पुढे जायची. वारलेले, नको म्हणालेले, पैसे बुडवलेले, सगळे लाल टिकलीवाले लोक इतरांच्या शेजारीच पोलादी ड्रॉवरमध्ये राहायचे.

एका वर्षी कुणाला तरी जागा वाचवायची हुक्की आली. लाल टिकल्यांच्या पट्ट्या काढून भंगारात घातल्या; छापायच्याच नाहीत तर ठेवायच्या कशाला? ऐकायला अगदी बरोबर. पुढच्या हंगामात आम्ही दुसऱ्या एका प्रकाशनाची यादी भाड्याने घेतली. भंगारात गेलेल्यांतली कितीतरी नावं त्या यादीत होती. आमच्याकडे तर आता त्यांची खूणच नव्हती, त्यामुळे सगळी नवी, कोरी नावं म्हणून आत आली. त्या माणसांना आम्ही ‘आमच्या परिवारात स्वागत’ असं छापील पत्र पाठवलं. एका विधवा बाईंनी ते पत्र परत पाठवलं. मागे फक्त तारीख लिहिली होती, यजमान गेले ती.

तुमच्या वडिलांचंही असंच होत असणार. नाव पुसलं जातं, मग जुन्या बॅकअपमधून, दुसऱ्या शाखेच्या फाइलमधून किंवा विकत घेतलेल्या यादीतून ते परत येतं. ते अडवायला दारात कुणी उभंच नसतं. म्हणून ज्यांना पाठवायचं नाही त्यांची वेगळी यादी जपावी लागते आणि बाहेर पडणारी प्रत्येक यादी तिच्यावरून चाळून घ्यावी लागते. इंग्रजीत तिला सप्रेशन लिस्ट म्हणतात. आम्ही शेवटपर्यंत ‘लाल टिकली’च म्हणायचो. युरोपीय संघात २५ मे २०१८पासून लागू असलेल्या जीडीपीआर ह्या खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने, थेट आपल्या नावावर येणाऱ्या जाहिरातीला ‘नको’ म्हणायचा हक्क बिनशर्त आहे. कंपनीला कारण विचारता येत नाही. तरीही ‘ह्यांना पाठवायचं नाही’ एवढं कळायला लागेल इतकीच माहिती राखून ठेवणं तिथेही योग्य मानतात. ब्रिटनमध्ये तर मृतांची नावं जाहिरातीच्या टपालातून वगळायला नातेवाइकांना नोंद करता येईल असं खास रजिस्टर आहे.

आता तुम्ही काय करायचं. तिसरं पत्र लिहा, पण ह्या वेळी ‘नाव काढा’ हे शब्द वापरू नका. लिहा : वडील अमक्या तारखेला वारले, त्यांचं नाव मृत म्हणून नोंदवून ‘पाठवू नका’च्या यादीत कायम ठेवावं, आणि हे नाव तुमच्याकडे कुठून आलं ते कळवावं. पाकिटावरच्या लेबलाचा फोटो जोडा. नावाच्या वर किंवा खाली बारीक अक्षरांत आकडे असतात, तो बहुतेक वेळा त्यांचा यादीचा कोड असतो. त्यावरून नाव कुठल्या फाइलमधून आलं ते त्यांना पाच मिनिटांत सापडतं. फोटोत तो भाग स्पष्ट येऊ द्या. तोवर आईच्या आधी टपाल कुणी तरी उचलेल अशी व्यवस्था करा.

आणि हे वाचणाऱ्या कंपनीवाल्यांनो, वाढदिवसाची पत्रं आपोआप पाठवू नका. पाठवायचीच असतील तर वर्षभरात ज्याच्याकडून काहीतरी खूण आली आहे त्यालाच. जन्मतारीख कधी जुनी होत नाही, हाच तिचा धोका आहे.

प्रश्न : दहा हजार ‘खात्रीशीर’ पत्त्यांची यादी स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

उत्तर : विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. ही माणसं यादीत कशी आली, शेवटची तपासणी कधी झाली, आणि नमुन्यादाखल शंभर पत्ते वापरून बघू देता का. पहिल्याच प्रश्नाला तो विषय बदलेल. चांगल्या याद्या विकत फारशा मिळत नाहीत, एका वापरापुरत्या भाड्याने मिळतात. आणि मालक त्यात स्वतःची दोन-चार खोटी नावं पेरून ठेवतो, म्हणजे कुणी दुसऱ्यांदा वापरली की पाकीट थेट त्याच्याच घरी पोचतं. आमच्याही साहेबांच्या मावशीच्या घरी असं एक न जन्मलेलं माणूस राहायचं आणि त्याला भरपूर टपाल यायचं.

प्रश्न : टपालाचं ठीक आहे, पण आम्ही सगळं ई-मेलवर पाठवतो. ई-मेल पत्ता काही घर बदलत नाही. मग यादी दुरुस्त करायची गरज काय? मी फार तर ‘ज्यांनी सहा महिन्यांत मेल उघडला नाही’ ते काढून टाकतो.

उत्तर : घर बदलत नाही, पण लोक नोकरी बदलतात आणि कंपनीचा पत्ता त्या दिवशी बंद होतो. काही वेळा जुना पत्ता नव्या माणसालाही मिळतो. याहूने २०१३ साली वर्षभर न वापरलेले पत्ते मोकळे करून नव्या लोकांना द्यायचं जाहीर केलं होतं. तुमचा ‘प्रिय ग्राहक’ तोच, माणूस निराळा.

परत आलेल्या मेलवर आकडा असतो, तो वाचायला शिका. पाचने सुरू होणारा, उदाहरणार्थ ५५०, म्हणजे सहसा कायमचा नकार. बहुतेक वेळा असा पत्ताच नसतो. चारने सुरू होणारा म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर बघा. पाचवाल्यांना पहिल्याच खेपेला थांबवा, पण सोबतचा मजकूर वाचून. कारण तुमचा मेल स्पॅम समजून अडवला असेल तरी पाचचाच आकडा येतो, आणि तेव्हा दोष गिऱ्हाइकाच्या पत्त्याचा नसतो. चारवाला सलग तीन-चार वेळा आला तर त्यालाही थांबवा. मेल्या पत्त्यांवर पाठवत राहिलं की मेल पोचवणाऱ्यांचा तुमच्यावरचा विश्वास उडतो, आणि मग जिवंत गिऱ्हाइकांचेही मेल स्पॅममध्ये पडतात.

‘उघडला नाही’ ह्या तुमच्या कसोटीवर मात्र विसंबू नका. मेल उघडला की नाही हे आतल्या एका न दिसणाऱ्या चित्रावरून कळतं; ते उतरवून घेतलं गेलं की मेल उघडला असं धरतात. सप्टेंबर २०२१पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये खासगीपणाची सोय आली आहे; ती चालू असेल तर माणसाने मेल बघो न बघो, ते चित्र अ‍ॅपल स्वतःच आधी उतरवून घेतं. दुसरीकडे काही लोक चित्रं बंद ठेवून मन लावून वाचतात. तुम्ही वाचणाऱ्यांना काढताय आणि न वाचणाऱ्यांना ठेवताय, असंही होत असेल. लिंकवर कुणी गेलं का, काही घेतलं का, उलट उत्तर लिहिलं का, हे बघा. आणि काढायच्या आधी सरळ विचारा : पाठवत राहू का?

जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांवर मेल जात असतील तर फेब्रुवारी २०२४पासून जीमेलच्या अटी तुम्हाला लागू आहेत. जाहिरातीच्या मेलमधून एका क्लिकवर बाहेर पडता आलं पाहिजे, ते दोन दिवसांत अमलात आलं पाहिजे, आणि स्पॅमच्या तक्रारी हजारी तीनपर्यंतही पोचता कामा नयेत. ‘बाहेर पडा’चं बटण मेलच्या तळाशी फिकट राखाडी अक्षरांत लपवणाऱ्यांना मी नेहमी सांगते, ते मोठं करा. बटण सापडलं नाही की माणूस ‘स्पॅम’ दाबतो, ते तर डोळ्यांसमोरच असतं.

राहिला पत्ता भरतानाचा घोळ. ‘जीमेल’ लिहिताना बोटं घसरून ‘जीमिअल’ होणारे लोक प्रत्येक यादीत असतात. नाव नोंदवल्यावर त्या पत्त्यावर एक मेल पाठवून ‘मीच तो’ असं क्लिक करून घेतल्याशिवाय यादीत घेऊ नका. यादी थोडी लहान होईल, होऊ द्या.

प्रश्न : ताई, तुम्ही जगाला याद्या शिकवता, पण तुमच्याच मासिकाला मी नवा पत्ता दोनदा कळवला आणि अंक अजून जुन्या घरी जातोय. नव्या भाडेकरूंना सदर आवडतं म्हणे.

उत्तर : भाडेकरूंना नमस्कार सांगा. तुमची दोन्ही पत्रं मी वर्गणी विभागात जाऊन शोधून काढली. दोन्हींत नवा पत्ता सुवाच्य आहे, खाली सही आहे, जुना पत्ता मात्र कुठेच नाही. तुमच्या नावाच्या पाच वर्गणीदार आहेत. त्यांपैकी कुणाचा पत्ता बदलायचा हे न कळल्याने आमच्या माणसाने पत्र फायलीला लावलं आणि तुम्हाला विचारायचं राहून गेलं. ती चूक आमचीच, आणि तसं मी त्याला बोलले आहे. आता जुन्या घरी आलेल्या एखाद्या अंकाचं लेबल भाडेकरूंकडून मागून घ्या, त्यावरचा वर्गणी क्रमांक आणि नवा पत्ता एका कार्डावर लिहून माझ्या नावाने पाठवा. पुढच्या अंकाची लेबलं छापून झाली आहेत, त्यामुळे तो एक अंक अजून तिकडेच जाईल. त्यानंतरचा तुमच्याकडे.